नायिका व्हायचंय? आधी वजाबाकी शीक

पोरी, हिंदी सिनेमाची नायिका व्हायचं तुझं ठरलंच असेल, तर नाच, घोडेस्वारी, उर्दूचे उच्चार वगैरे मागाहून बघू. आधी वजाबाकी पक्की कर. दोन आकडी, हातच्याची. हे सांगणारा तू कोण, असं विचारू नकोस. मी जन्मभर तिकीट काढून सिनेमे बघितलेत, आणि नायिकेच्या वयाचा हिशेब ठेवायचा हक्क आपल्याकडे तिकिटातच मिळतो. नायकाचं वय मात्र मोजायचं नसतं. ते बरं दिसत नाही.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पुरुषाच्या जन्माला येणं. हसू नकोस, याला परंपरा आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'च्या तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात कामाला असलेल्या अण्णा साळुंक्यांनी लुगडं नेसलं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! नायक-नायिकेच्या वयात एका दिवसाचंही अंतर नाही. पुढे हा आदर्श टिकला नाही, एवढंच.

तुझ्या बाबतीत ती संधी हुकलेली दिसते. असो. मग निदान नाव बदल. महजबीनची मीना कुमारी झाली, मुमताज जहानची मधुबाला झाली, फातिमाची नर्गिस झाली. आईबापांनी ठेवलेल्या नावाने रेशनकार्ड निघतं, पोस्टर निघत नाही. वहिदा रेहमानचा कित्ता तर मुळीच गिरवू नकोस. १९५६ साली 'सी. आय. डी.'च्या वेळी पोरगेली मुलगी ती, नाव बदलणार नाही म्हणाली, आणि न आवडलेले कपडे घालणार नाही, असं करारात लिहून घेतलं. असला आगाऊपणा सगळ्यांना परवडत नाही.

कामावर असताना मुकाट्याने मार खायची सवय ठेव. येवल्याची अंबा सिनेमात येऊन ललिता पवार झाली, चांगली नायिका होती. १९४२ साली एका प्रसंगात भगवानदादांनी तिला थप्पड मारायची होती. मारली, पण जरा जास्तच खरी बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचारांत तीन वर्षं गेली आणि डावा डोळा बारीक झाला तो कायमचा. दुसरी कुणी रडत बसली असती. बाईंनी त्याच डोळ्यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षं खाष्ट सासू उभी केली आणि दूरदर्शनच्या 'रामायण'मध्ये मंथरेपर्यंत मजल मारली. 'अनाडी'त मात्र वरून करवादणारी, आतून मायेची घरमालकीण केली, त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. तेव्हा त्यातला नायक राज कपूर पस्तिशीचा आणि ही त्रेचाळिशीची. आठ वर्षांचं अंतर. माय-लेकासारख्या नात्याला आपल्याकडे एवढं पुरतं. पुरतं कसलं, जास्तच झालं. पुढे बघ.

(लग्नाचं एका वाक्यात: केलंस तर मोठा समारंभ कर, कारण तो तुझा निरोपसमारंभही समजला जाईल. डिंपल कपाडियाचा 'बॉबी' १९७३ चा, आणि पुनरागमनाचा म्हणून गाजला तो 'सागर' १९८५ चा. दोन्हीकडे नायक ऋषी कपूर. 'पुनरागमन' केलं ते फक्त तिने, तो कुठे गेलाच नव्हता.)

आता वजाबाकी. वही घे.

१९७६ साली यश चोप्रांचा 'कभी कभी' आला. त्यात अमिताभ बच्चनची प्रेयसी राखी आणि बायको वहिदा रेहमान. दोनच वर्षांनी, म्हणजे १९७८ साली, त्याच यश चोप्रांच्या 'त्रिशूल'मध्ये ही बायको त्याची आई झाली. प्रेयसी अजून प्रेयसीच, कारण राखीचा नंबर यायला जरा वेळ होता. १९८१ च्या 'बरसात की एक रात'मध्येही ती त्याची नायिकाच होती. १९८२ साली 'शक्ती' आला आणि राखीचाही त्याच घरात आई म्हणून गृहप्रवेश झाला. म्हणजे सहा वर्षांत प्रेयसी आणि बायको दोघीही आई झाल्या, आणि मुलगा तोच. राखीचा जन्म १९४७ चा, अमिताभचा १९४२ चा. पाच वर्षांनी मोठ्या मुलाला बाईंनी असं काही पोटाशी धरलं की थिएटरात कुणीही बोटं मोजली नाहीत. मीही नाही, माझे दोन्ही हात डोळे पुसण्यात गुंतले होते.

आणि मुलगा पुढे काय करत होता? २००७ साली 'चीनी कम'मध्ये तब्बूशी लग्न जमवत होता.

तरी हे काहीच नाही. 'मदर इंडिया'ची नर्गिस १ जून १९२९ ची आणि तिचा बिरजू, सुनील दत्त, ६ जून १९२९ चा. मुलगा आईहून पाच दिवसांनी लहान! बारसं व्हायच्या आत आई व्हायचं, हे समर्पण आहे तुझ्यात? चित्रीकरणात आगीतून त्या मुलानेच आईला वाचवलं आणि १९५८ साली दोघांनी लग्न केलं. पडद्यावरच्या वयावर त्या दोघांचा अजिबात विश्वास नव्हता, असं दिसतं.

मराठी मुलगी असशील तर तुला या खात्यात खास वाव आहे. आई म्हटलं की निर्माते आपल्याकडेच बघतात. लीला चिटणीस, सुलोचनादीदी, रीमा लागू, केवढी थोर रांग! रीमाताई १९५८ च्या. 'मैंने प्यार किया'त सलमान खानच्या आई झाल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. 'वास्तव'मध्ये संजय दत्तच्या आई, तो त्यांच्याहून एका वर्षाने धाकटा. पण खरी प्रगती सोनाली कुलकर्णीने केली. १९७४ च्या जानेवारीत जन्मलेल्या हृतिक रोशनची ती 'मिशन कश्मीर'मध्ये आई होती, आणि तिचा स्वतःचा जन्म त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला. (दत्तक मुलगा होता म्हणा. दत्तक घेताना जन्मतारखा कशाला बघायच्या?) मग २०१९ च्या 'भारत'मध्ये ती सलमानची आई झाली. रीमाताई त्याची आई झाल्या तेव्हा सोनाली शाळेत होती. आपल्या भावी मुलाचा तो सिनेमा तिने बघितलाही असेल.

तर तुलाही एक दिवस फोन येईल. पलीकडचा माणूस अदबीने बोलेल. 'मॅडम, फार स्ट्राँग रोल आहे,' म्हणेल. स्ट्राँग शब्द ऐकलास की समज, आईचा आहे. मुलाचं काम कोण करतंय, ते विचारू नकोस. तुझ्या पहिल्या सिनेमातला हिरो निघाला तर उगाच अवघडल्यासारखं होईल. सेटवर तो येऊन तुझ्या पाया पडेल, केसांना नुकताच कलप लावलेला असेल. तुझ्यासाठी मेकअपच्या खोलीत पांढऱ्या केसांचा टोप ठेवलेला असेल. तो जपून वापर आणि जाताना मोजून परत दे. कंपनीचा असतो, आणि गेल्या वर्षी ज्या मुलीला तो मोठा झाला होता तिला आता बरोबर बसायला लागलाय म्हणे.