राणीमाशीला दर हंगामात नर लागत नाहीत

"राणीमाशी दर हंगामात नराशी मिलन करते. पेटीत नर कमी पडले की ती नराचीच अंडी घालू लागते. अशा वेळी दुसऱ्या पेटीतली नरांची फणी आणून लावा." कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड, राधानगरी, आजरा भागातल्या मधपाळांच्या मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशातली ही तीन वाक्यं. तिन्ही चूक आहेत, आणि तिसरं ऐकलं तर वसाहत हातची जाते.

पहिलं वाक्य. राणी कोशातून बाहेर पडल्यावर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत उडते आणि पेटीबाहेर, उंच हवेत, बऱ्याचदा दुसऱ्या वसाहतींच्या नरांशी मिलन करते. एकदा अंडी सुरू झाली की पुन्हा कधीच नाही. पुढची दोन-तीन वर्षं ती साठवलेल्या शुक्राणूंवर चालवते. तो साठा असतो शुक्रग्राहिकेत: पोटाच्या मागच्या भागात, खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठा गोल. त्यावर श्वासनलिकांचं पांढरं जाळं, वर ग्रंथीच्या दोन नळ्या, खाली बारीक वाहिनी आणि तिच्यावर पंपासारखा काम करणारा स्नायू. आतला द्रव अल्कधर्मी, सामू (पीएच) साडेआठच्या आसपास. त्यात शुक्राणू जवळजवळ निश्चल राहून वर्षानुवर्षं टिकतात. युरोपीय मेलिफेरा जातीच्या मधमाशीची राणी १० ते २० नरांकडून वीर्य घेते. त्यातले जेमतेम ३ ते ५ टक्के शुक्राणू सुमारे ४० तासांत या कोषात पोचतात. तेच ४० ते ७० लाख भरतात. आपल्या सातेरीचा, म्हणजे भारतीय मधमाशीच्या राणीचा, कोष लहान, साठाही कमी, रचना तीच.

दुसऱ्या वाक्यात कार्यकारणच उलटं केलंय. अंडं खाली सरकताना मोजके शुक्राणू सुटले तर मादी, न सुटले तर नर. राणी पुढच्या पायांनी फणीतल्या घराची रुंदी मोजते. रुंद घरात ती शुक्राणू न सोडता नराचं अंडं घालते. हे निरोगी लक्षण आहे, त्याला घाबरू नका. पण कामकरी माश्यांच्या अरुंद घरांवर फुगीर टोपणं, म्हणजे आत नर वाढत असल्याची खूण, दिसू लागली, सातेरीत त्यांच्या टोकाला बारीक छिद्र दिसलं, तर साठा संपलाय किंवा कधी भरलाच नव्हता. घाटमाथ्यावर जून-जुलैच्या झडीत निघालेल्या राणीला उडायला ऊनच मिळत नाही. तीन-चार आठवडे असेच गेले की ती मिलनाविनाच अंडी घालू लागते. दुसरं कारण उष्णता. मे महिन्यात राणीचा पिंजरा बंद गाडीत ठेवला आणि तापमान दोन तास ४० अंशांवर गेलं, तर राणी जिवंत दिसते, आतले शुक्राणू मात्र मोठ्या प्रमाणात मेलेले असतात. ती सावलीत, अंगाजवळच्या पिशवीत आणावी.

खात्री हवी असेल तर काढून टाकलेली, मेलेली राणी घ्या. शेवटचं वलय चिमट्याने हळू मागे ओढा, पांढरा गोल अलगद सोडवा, बोटाच्या टोकावर फिरवून जाळं काढा. पाण्यासारखा स्वच्छ असेल तर मिलन झालेलंच नाही. दुधट, गढूळ असेल तर झालंय. गढूळपणावरून शुक्राणू जिवंत आहेत का ते कळत नाही, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो.

आता तिसरं वाक्य. नरांची फणी लावून साठा संपलेल्या राणीचा साठा भरत नाही, नुसता मध खर्ची पडतो. एका घरात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली तर राणी नाहीच, कामकऱ्या अंडी घालताहेत. तिथे उपाय वेगळा. राणीच सदोष असेल तर ती काढा आणि मिलन झालेली राणी पिंजऱ्यातून द्या. ती मिळत नसेल तर दुसऱ्या चांगल्या पेटीतली ताजी अंडी असलेली फणी द्या, त्यातून माश्या नवी राणी घडवतात, पण आजूबाजूच्या वसाहतींत नर उडत असतील आणि ऊन असेल तरच. नव्या राणीची अंडी दिसायला साधारण चार आठवडे लागतात. पावसात किंवा माश्या म्हाताऱ्या झाल्या असतील तर वाट पाहू नका. मधे वर्तमानपत्राचा कागद घालून ती वसाहत दुसऱ्या सशक्त पेटीत मिसळा.