पंख्याचा फोटो

चिरंजीव 3 दिवसांच्या शिबिराला गेले. तिथे मोबाईलला बंदी, म्हणून फोन माझ्या हवाली झाला. "बाबा, स्नॅपचॅटवर रोज रात्री 6 जणांना स्नॅप, म्हणजे फोटो, टाकायचा. कशाचाही. 24 तासांत नाही गेला की स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, तुटते." लॉकरची किल्लीसुद्धा आजवर कुणी मला इतक्या अविश्वासाने दिली नव्हती.

पहिल्या रात्री सहाही जणांना आमचा पंखा गेला. परतफेडीत एक अर्धं कपाळ, एक गादीचा कोपरा आणि नुसता काळोख आला. दुसऱ्या रात्री मला लाज वाटली. लोकांच्या पोरांना पंखे काय दाखवायचे! म्हणून सहांतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला नीट लिहिलं, "काय रे, जेवलास का? आजीचा गुडघा कसा आहे?"

काल संध्याकाळी तो दारात उभा. चेहरा सुतकी.

"काका, 412 होते."

"काय?"

"दिवस. नावापुढची आगीची खूण गेली."

"अरे, मी मेसेज केला होता की!"

"मेसेज धरत नाहीत. फोटोच लागतो."

"आणि आजीचा गुडघा?"

"स्ट्रीकमध्ये बोलायचं नसतं, काका."

"पण तुम्ही तर रोज खाली एकत्र क्रिकेट खेळता!"

"ते कुठे मोजलं जातं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, याचाच जास्त राग आला. आमच्या वेळी रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. बूथबाहेर रांगेत डास मारत उभं राहायचं आणि नंबर लागला की मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून ओरडायचं, "बरा आहेस ना? बरं, ठेवतो!" म्हणजे बोलायचो आम्हीही काही नाहीच. पण निदान ते न बोलणं फुकट नव्हतं हो, पैसे मोजून बोलत नव्हतो.

"परत आणता येते," तो म्हणाला. "पैसे भरले की."

म्हणजे आग लावणारेही ॲपवालेच, विझवणारेही तेच, आणि पुन्हा पेटवायचे पैसेही तेच घेणार! आमच्या गल्लीतला व्याजबट्टेवाला बरा, तो निदान दिवाळीला घरी यायचा. फुकट परत आणायची सवलत पोराने मागेच वापरलेली. मी पाकीट काढलं. कुणाला सांगू नका, विशेषतः त्याच्या आईला.

पैसे घेऊन तो जिना उतरला. मी वरून ओरडून विचारलं, "अरे, गुडघा?"

खालून फोटो काढल्याचा आवाज आला.