"ऐकून घेतल्याने कर्ज फिटत नाही": 'शेतकरीपुत्र' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'शेतकरीपुत्र' या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली, निदान तसा प्रयत्न केला. आत्महत्येचे विचार मनात घोळत असलेल्या माणसाला उपदेश करण्याऐवजी आधी त्याचे ऐकून घ्यावे, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर तुम्ही लिहिता, "ऐकून घेतल्याने कुणाचे कर्ज फिटत नाही. पुण्यात पंख्याखाली बसून सुचणारे हे चोचले आहेत." आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने नसते विचार डोक्यात भरतात आणि डॉक्टर नसलेल्यांनी यात पडू नये, असेही तुमचे म्हणणे आहे. एक गोष्ट आधीच मान्य करतो. महाराष्ट्रातल्या 22,746 आत्महत्यांचा आकडा देताना वर्ष लिहायचे राहिले होते. तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालातला आहे आणि आता लेखात तसे नमूद केले आहे.

आता 'चोचले' या शब्दाकडे येतो. मतभेद असावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या विषयावर घरातल्या घरातही दबक्या आवाजात बोलले जाते, त्यावर कुणी चार ओळी लिहिल्या की आधी त्याचा पत्ता आणि पंखा काढायचा, ही रीत मला खटकली. शिवाय शेतकरीपुत्र ही पदवी काही तुमच्या एकट्याच्या नावावर नाही. माझे आजोळ यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू कापसाचे. धाकट्या मामांची लागोपाठ नापिकी झाली, सोसायटीचे कर्ज थकले, नवे पीककर्ज मिळेना, म्हणून त्यांनी सावकार गाठला. त्या दिवसांत ओसरीवर जो येई तो शहाणपण सांगून जाई. "पोरायकडे पाहा", "आमच्यावर नाही आली का अशी वेळ", "गड्यासारखा गडी असून असा काय बसला". मामा मान डोलवत आणि चहा सांगत. मग एके दिवशी त्यांनी किराणा दुकानाची किरकोळ उधारी चुकती केली आणि पासबुक, सातबारा, विम्याचे कागद एका पिशवीत घालून मामीच्या हाती दिले. गडी सावरला, असे साऱ्या भावकीला वाटले. आजीला मात्र ती पिशवी पाहून धडकी भरली. त्या रात्री मोठे मामा त्यांच्याशेजारी गोठ्यापाशी जाऊन बसले आणि त्यांनी सरळ विचारले, "जीव द्यायचं मनात येते काय रे?" उत्तर यायला फार वेळ लागला, आणि आले तेव्हा त्यात कर्जाची रक्कम नव्हतीच, भर बाजारात सावकाराने मुलीच्या लग्नावरून काढलेला एक शब्द होता, जो मामांनी तोवर कुणालाही सांगितला नव्हता. मोठ्या मामांनी मध्ये तोंड घातले नाही. ते रात्रभर तिथेच थांबले, घरातली फवारणीची औषधे शेजाऱ्याकडे कुलपात ठेवली आणि सकाळी त्यांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे गेले. कर्ज तसेच राहिले, महोदय. ते पुढे कित्येक वर्षे, जमिनीचा एक तुकडा विकून, हप्त्याहप्त्याने फिटले, आणि फेडले ते मामांनीच.

कर्जमाफी नको, हमीभाव नको, फक्त ऐकून घ्या, असे वाक्य माझ्या लेखात कुठे आहे ते दाखवा. 2022 च्याच अहवालात देशभरातल्या आत्महत्यांपैकी 31.7 टक्के कौटुंबिक अडचणींच्या, 18.4 टक्के आजारपणाच्या आणि 4.1 टक्के दिवाळखोरी किंवा कर्जाच्या रकान्यात आहेत. हा आकडा मी तुमच्या तोंडावर फेकत नाही, कारण शेतकऱ्यांमध्ये कर्जाचा वाटा याहून मोठा असणार, आणि माणसाच्या आयुष्याचा सगळा गुंता पोलिसांच्या कागदावर एका शब्दात उरकला जातो हेही मला ठाऊक आहे. पण त्या एका शब्दापर्यंत माणूस कसा पोहोचला हे आपण सारे तो गेल्यावरच विचारतो. शेतकऱ्याच्या घरच्यांना शासनाची एक लाखाची मदतही तेव्हाच येते, आणि तिथे प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' यावर घरच्या बाईला कागद गोळा करत हेलपाटे घालावे लागतात.

राहिलेले आक्षेप थोडक्यात. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगत आली आहे. डॉक्टर नसलेल्यांबद्दल म्हणाल, तर तुमच्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत, 'विश्राम' नावाच्या उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली. मानसोपचारतज्ज्ञ होते, पण गरज पडेल तेव्हा पुढच्या पायरीवर. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. 2017 साली ते प्रसिद्धही झाले आहे. वाचायचे की नाही, हा तुमचा प्रश्न. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्यामुळे कुणी बोलणारच नाही, हा मुद्दाही जुना झाला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे 115 वे कलम अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरते आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकते.

कर्जमाफीवर वाद घालायचा असेल तर त्यासाठी वेगळा लेख लिहीन, तिथे पंखाही खुशाल काढा. या लेखाखाली मात्र स्वतः अडचणीत असलेली माणसेही येऊन वाचतात, आणि आपले दुःख कुणी चोचल्यांत काढताना पाहून ती न बोलताच निघून जातात. त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक पुन्हा देतो. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.