आत्मविश्वास जरा कमी वाटला

नोकरीला नकार येणं वाईटच, पण त्या नकारात निदान सरळपणा असतो. नाही म्हणाले, विषय संपला. खरा छळ सुरू होतो तो नकाराखाली जोडलेल्या तीन ओळींपासून. त्यात लिहिलेलं असतं की उमेदवाराला डेटाबेसचा पुरेसा अनुभव नाही. उमेदवाराने ७ वर्षं डेटाबेससमोर काढलेली असतात आणि ४५ मिनिटांच्या मुलाखतीतली ३० मिनिटं त्याच विषयावर घालवलेली असतात. आता रडायचं नेमकं कशावर? नोकरी हुकली यावर, की आपल्या नावावर भलताच कोणीतरी नापास झाला यावर?

पहिल्या दुःखाला सांत्वन मिळतं. दुसऱ्यावर मात्र घरचेच शंका घेतात: "काहीतरी असेल ना, उगाच कसं लिहितील?" तर उगाच कसं लिहितात, हे जरा सविस्तर सांगतो. ती रीत एकदा कळली की त्या तीन ओळींचं निम्मं विष आपोआप उतरतं.

मुलाखत घेणारा माणूस पगार घेतो तो वेगळ्याच कामाचा. त्या दिवशी त्याच्या गळ्यात एकामागून एक ४ उमेदवार पडलेले असतात आणि मधल्या १० मिनिटांत त्याला स्वतःच्या कामाचे मेल उरकायचे असतात. बोलता बोलता तो वहीत टिपतो: "ठीक. शांत. डेटाबेस?" हे प्रश्नचिन्ह फार महत्त्वाचं. दुपारी ते काढलं तेव्हा त्याचा अर्थ "याबद्दल पुढे विचारायचं" असा होता. संध्याकाळी फॉर्म भरायला बसल्यावर त्याचा अर्थ "याला येत नाही" असा लागतो. मधल्या वेळात आणखी तिघे येऊन गेलेले असतात, आणि त्यांतल्या एकाला खरोखरच येत नसतं.

मग फॉर्म. पाच-सहा रकाने, प्रत्येकात १ ते ५ गुण. ज्याबद्दल काही आठवत नाही तिथे ३ द्यायचे, ही जगभरची रीत. त्यानंतर पॅनेलची बैठक. तिथे सर्वांत वरिष्ठ माणूस आधी बोलला, की बाकीचे आपापल्या ४ चे हळूच ३ करतात. म्हणून जाणत्या संस्था बैठकीआधीच प्रत्येकाचे गुण स्वतंत्रपणे भरून घेतात. बाकीच्या संस्था बैठकीत चहा घेतात.

आता फाईल एचआरकडे. इथे एक ड्रॉपडाऊन असतो: नाकारण्याचं कारण. ते निवडल्याशिवाय फाईल बंद होत नाही. खरं कारण बहुतेक वेळा असं असतं की बजेट गोठलं, किंवा आतल्याच माणसाला बढती द्यायचं ठरलं, किंवा दुसरा उमेदवार अर्ध्या गुणाने पुढे होता. यातलं एकही यादीत नसतं, किंवा असलं तरी बाहेर सांगायचं नसतं. यादीत असतं "तांत्रिक कौशल्य अपुरं", "संवादकौशल्य", "संस्थेच्या संस्कृतीशी जुळत नाही" आणि "इतर". इतर निवडलं की खाली स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं, त्यामुळे ते कोणी निवडत नाही. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर तिथला रिक्रूटर या कारणावर आणखी साखर घोळून ते फोनवर सांगतो. "तांत्रिक कौशल्य अपुरं" याचं तोवर "थोडा अभ्यास वाढवा, बाकी छान होतं" झालेलं असतं, आणि उमेदवार त्या "बाकी छान होतं"वर पुढचे चार दिवस काढतो.

यात मुद्दाम खोटं कोणीच बोललेलं नसतं, ही या व्यवहारातली खरी गंमत. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांच्या ४ जोड्या मांडल्या आणि लोकांना त्यांतली उत्तम जोडी निवडायला सांगितली. लोकांनी सर्वांत उजवीकडची जोडी सर्वांत डावीकडच्या जोडीच्या जवळजवळ चौपट वेळा निवडली. कारण विचारल्यावर वीण, पोत, कारागिरी अशी उत्तरं आली. चारही जोड्या एकसारख्या होत्या. जोडी उजवीकडे होती म्हणून उचलली, असं कोणीही म्हणालं नाही, आणि तसं सुचवल्यावर लोकांनी ते उडवून लावलं. आता पॅनेलमधल्या माणसाला विचारा, हा उमेदवार का नको. तो वीण, पोत आणि कारागिरी सांगेल, आणि मनापासून सांगेल.

"आत्मविश्वास जरा कमी वाटला" या वाक्याचा वेगळा सत्कार व्हायला हवा. ऑनलाइन मुलाखतीत आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळाला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने मर्यादा सुचवलेली आहे: एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत संभाषण सुखाने चालतं, ४०० च्या पुढे जाऊ नये. जोडणी दमली की हा आकडा सहज ओलांडला जातो. २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे १.२ सेकंदाच्या विलंबानेही समोरचा माणूस कमी लक्ष देणारा आणि कमी मनमिळाऊ वाटू लागतो. ऐकणारा दोष नेटवर्कला देत नाही, माणसाला देतो. म्हणजे उत्तर वेळेवरच निघालं होतं, वाटेत अडकलं, आणि पोहोचल्यावर त्याची नोंद "उत्तर देताना अडखळतो" अशी झाली. यावर उपाय साधा आहे. शक्य असेल तर संगणक वायफायऐवजी केबलने जोडावा, ब्लूटूथचा हेडफोन काढून तारेचा लावावा, कारण ब्लूटूथ स्वतःचा विलंब वर घालतं, आणि आवाज तुटतोय असं दिसताच ते तिथल्या तिथे बोलून दाखवावं. पॅनेलच्या टिपणात "नेटवर्क खराब" एवढे दोन शब्द पडले तरी पुष्कळ वाचतं.

आणि "संवादकौशल्यात सुधारणेला वाव आहे" हे वाक्य? ते कोणालाही लागू पडतं, म्हणूनच तर ते इतकं वापरतात. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा "खास तुमचा" अहवाल दिला. विद्यार्थ्यांनी तो ५ पैकी सरासरी ४.२६ गुणांइतका अचूक ठरवला. अहवाल सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातला मजकूर बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. तेव्हा नकाराचा मेल वाचून "अगदी बरोबर पकडलं हो माझं" असं वाटू लागलं, तर थोडं थांबावं.

आता निदानाकडे. त्यासाठी एक कागद लागतो, आणि तो मुलाखत संपल्यावर तासाभरात लिहिलेला असावा लागतो. कोणी कोणते प्रश्न विचारले, ते क्रमाने, आपण काय उत्तर दिलं ते एकेका ओळीत, कोणत्या प्रश्नाला किती वेळ गेला आणि जोडणी कुठे तुटली. निकाल आल्यावर आठवून लिहिलेला कागद काही कामाचा नाही, कारण तोवर आपण सगळी उत्तरं मनातल्या मनात दुरुस्त केलेली असतात.

मग अभिप्रायातलं एकेक वाक्य या कागदाशेजारी ठेवायचं. हे वाक्य कागदपत्र दाखवून खोटं ठरवता येतं का? येत असेल तर ते तथ्याबद्दल आहे आणि त्याची दुरुस्ती मागता येते. त्यात मुलाखतीत निघालेच नाहीत असे विषय, भलतं पद किंवा भलत्या सॉफ्टवेअरचं नाव आहे का? मग तो दुसऱ्या कोणाचा तरी अभिप्राय आहे, आणि तुमचा बहुधा त्याच्याकडे गेलेला आहे. हेच वाक्य कोणालाही पाठवता आलं असतं का? मग तो साचा आहे. उरलेलं सगळं मत. मताला दुरुस्ती नसते. "मी उत्साही आहे" असं चिडून लिहिलेलं पत्र वाचून आजवर कोणाचं मत बदललेलं नाही.

एक पाचवा प्रकार असतो आणि तो चिवट. त्यात वाक्य तुमच्याबद्दल खोटं असतं, पण तुमच्याकडून जे पोहोचलं त्याबद्दल खरं असतं. सात वर्षांचा अनुभव रिझ्युमेच्या तिसऱ्या पानावर गेलेला असतो, आणि मुलाखतभर "आम्ही हे बांधलं, आम्ही ते सोडवलं" असं चाललेलं असतं. नम्रता म्हणून छान, पण त्यात तुमचा हात किती होता हे पॅनेलने कुठून ओळखायचं? इथे दुरुस्ती मागायची नाही, रिझ्युमे बदलायचा: ज्या कामासाठी अर्ज आहे तो अनुभव पहिल्या पानाच्या वरच्या भागात, वर्षांसकट आणि आकड्यांसकट. आणि पुढच्या मुलाखतीत स्वतः केलेलं काम स्वतःच्या नावावर सांगायचं.

तथ्य चुकलेलं असेल तर मेल लिहावा, पण त्याच रात्री नाही. रात्री लिहिलेल्या मेलमध्ये "खेदाने नमूद करावेसे वाटते" येतं, आणि ते एकदा आलं की मागोमाग ११ प्रमाणपत्रं आणि सीसीमध्ये थेट कंपनीचे अध्यक्ष येतात. एक दिवस जाऊ द्यावा. ज्याने अभिप्राय पाठवला त्यालाच, त्याच मेलच्या उत्तरात लिहावं. पॅनेलमधल्या माणसांना लिंक्डइनवर गाठू नये. पाच वाक्यं पुरतात, उदाहरणार्थ अशी: "अभिप्राय कळवल्याबद्दल आभार. त्यात डेटाबेसचा अनुभव नसल्याचा उल्लेख आहे. माझ्या रिझ्युमेच्या पान १ वर २०१७ पासूनचा हा अनुभव नोंदवलेला आहे, त्यामुळे नोंदींची अदलाबदल झाली असावी असं वाटतं. निर्णयाचा फेरविचार व्हावा अशी विनंती नाही, फक्त माझ्या नोंदीत ही दुरुस्ती व्हावी. पुढे योग्य जागा निघाल्यास जरूर कळवा."

यातलं चौथं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. एचआरला भीती असते ती वादाची. वाद नाही म्हटल्यावर तो माणूस मोकळेपणाने फाईल उघडून बघतो. निर्णय बदलत नाही, ही अपेक्षा ठेवावीच लागते. पण उमेदवारांची नोंद संस्थेच्या सिस्टिममध्ये राहते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज केला की नव्या पॅनेलला मुलाखतीआधीच जुनी टिप्पणी दिसू शकते. शिवाय निवडलेला उमेदवार ऐन वेळी दुसरीकडे जातो, हेही नेहमीचंच. तेव्हा एचआर दुसऱ्या क्रमांकाची फाईल शोधू लागतं, आणि त्या वेळी तुमचा शांत मेल वर असणं बरं.

युरोपीय संघातल्या उमेदवारांना याहून जास्त काही मागता येतं. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातल्या कलम १५ प्रमाणे स्वतःबद्दलची माहिती मागता येते आणि सर्वसाधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. कलम १६ चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये, जुन्या कायद्याखाली, युरोपीय न्यायालयाने परीक्षकाचे शेरे ही परीक्षार्थीची वैयक्तिक माहिती ठरवली. दुरुस्तीच्या हक्काचा अर्थ चुकलेली उत्तरं आता बरोबर करून घेणं असा नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. मात्र दुरुस्ती कधी लागू होऊ शकते याचं त्याने दिलेलं एक उदाहरण असं: उत्तरपत्रिकांची अदलाबदल होऊन दुसऱ्याची उत्तरं आपल्या नावावर चढणं. ते वाचून "भलताच नापास झाला" गटातल्या मंडळींना बरं वाटेल.

अभिप्राय फोनवर आला तर वाद घालू नये, एकच प्रश्न विचारावा: "कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावरून असं वाटलं?" समोरच्याकडे खरं टिपण असेल तर तो एखादा प्रश्न सांगेल. "नाही, ओव्हरऑल" असं उत्तर आलं तर तो ड्रॉपडाऊन बोलतोय. मग आभार मानून पुढचा, जास्त उपयोगी प्रश्न टाकावा: "पुढच्या वेळी मी एकच गोष्ट बदलायची म्हटली तर कोणती?" मागचं आठवून सांगायला लोक बिचकतात, सल्ला द्यायला मात्र कोणीही तयार असतं.

सगळ्यात मोठा धोका असतो तो अभिप्राय पाळण्यात. "कमी बोलता" ऐकून पुढच्या मुलाखतीत सुटलं, की "मुद्द्यावर येत नाहीत". ते मनावर घेऊन आवरलं, की "मोकळेपणा नाही". मग आवाज चढवावा तर "उद्धट वाटले". माझा हिशेब असा: एकमेकांशी संबंध नसलेल्या ३ ठिकाणांहून तीच तक्रार आली, तर ती आपली. त्याआधी एका साध्या तक्त्यात तारीख, पद, अभिप्रायाचे नेमके शब्द आणि आपलं निदान एवढंच लिहीत राहावं.

मेल पाठवल्यावर उत्तर येईलच असं नाही. सर्वेक्षण मात्र येतं: "आमच्या निवडप्रक्रियेचा अनुभव कसा होता? १ ते १० पैकी गुण द्या." तिथे डेटाबेसचं प्रकरण लिहू नये. असे फॉर्म बहुतेक निनावी असतात आणि त्यांची सरासरी काढली जाते, त्यामुळे त्यातली तक्रार तुमच्या फाईलपर्यंत पोहोचत नाही. गुण मात्र खुशाल द्यावेत. काहीच आठवत नसेल तर ५.