जिव्हाळीचा विषय

आईचा पहिला प्रश्न ‘दुखतंय का रे?’ हा नव्हता. ‘कुठल्या वारी कापलं होतंस?’ हा होता.

उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेनं मांसात रुतलं होतं आणि अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला होता. मी पाय स्टुलावर ठेवून, तोही भिंतीकडे तोंड करून, बसलो होतो. पण दुखऱ्या अंगठ्याला बहुतेक चुंबक बसवलेलं असतं. आठ दिवसांत दाराची चौकट, कॉटचा पाय, सिलिंडर, शिवाय बसमध्ये एका काकूंची नारळ भरलेली पिशवी, असे सगळे येऊन त्याला भेटून गेले. रात्री अंगावरची चादर पायाला सहन होईना. चादरीला वजन असतं हे मला पन्नाशीत कळलं.

“शनिवारीच कापलं असणार,” आई म्हणाली. “सुट्टी असते ना तुला.”

आता सोमवार ते शुक्रवार ऑफिस. शनिवारी शनी. दिवे लागल्यावर लक्ष्मी. रविवारी सकाळी नेलकटर सापडत नाही. नोकरदार माणसाला लग्नाला मुहूर्त मिळेल, नखांना मिळणार नाही.

मग आईनं निदान केलं. नखुरडं. आणि आमच्या घरात नखुरड्याला एकच औषध: लिंबाला भोक पाडायचं आणि बोट आत खुपसून बसायचं. लहानपणी मी असं एक बोट लिंबात घालून अख्खा गणिताचा पेपर चुकवलेला आहे. पण ते हाताचं बोट. पायाच्या अंगठ्यावर लिंबू चढेना. टोपीसारखं नुसतं वर बसायचं आणि घरंगळून कॉटखाली जायचं. शेवटी बायको मंडईतून ईडलिंबू घेऊन आली. ते बसलं. सोललेल्या मांसाला त्याचा रस लागला तेव्हा मी जो आवाज काढला, त्यानं वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीचं बोलायला आले. माझ्या पायाकडे बराच वेळ बघून म्हणाले, “दृष्ट काढताय का? मग मिरच्याही ओवा की चार.”

ईडलिंबाचं पुढे लोणचं झालं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सर्जनकडे गेलो. तरुण होता, उत्साही होता, आणि शिकवायची हौस होती, जी पेशंट आडवा असताना फार बळावते. म्हणाला, “काका, तुम्हाला जे नख दिसतं ना, ते मेलेलं असतं. नुसतं केराटिन. केस, शिंग, खूर, मांजराची नखं, सगळं त्याच मालाचं. जिवंत कारखाना इथं मुळाशी, कातडीखाली असतो. हाताच्या अंगठ्यावर पांढरी चंद्रकोर दिसते ना, ती त्याचीच कड.”

“मग मेलेलं नख दुखतं कसं?”

“ते दुखत नाही. ते दुखवतं. दुखते ती जिव्हाळी.”

हा शब्द त्यानं वापरला म्हणून त्याला मी बरंच माफ केलं. नखाखालची ती हुळहुळी जागा, जिथपर्यंत कापलं की माणूस ‘स्स्’ करतो, ती जिव्हाळी. ज्या भाषेनं नखाखालच्या मांसाला आणि मायेला जवळजवळ एकच शब्द दिला, ती बनवणाऱ्याचं नख कधीतरी नक्की रुतलेलं असणार.

“कोपरे गोल कापता का?” त्यानं विचारलं. मी हो म्हणालो, थोडा अभिमानानंच. शाळेत दर सोमवारी बाई नखं तपासायच्या आणि माझ्या गोलाईला शाबासकी मिळायची. तो म्हणाला, हात ठीक आहे, पण पायाचं नख सरळ आडवं कापायचं. कोपरा खोल गोल कापला की बाजूचं मांस वर येतं, आणि वाढणारं नख त्यात सुरीसारखं घुसतं. चाळीस वर्षं मी शाबासकी समजून सुरीला धार लावत होतो.

मग अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भुलीची इंजेक्शनं. सगळ्या प्रकरणात खरं दुखलं ते एवढंच, पण ते मात्र व्याजासकट. त्यानंतर त्यानं कडेची उभी पट्टी कापून ओढून काढली. ती पट्टी मला चिमट्यात धरून दाखवली. जेमतेम तुटक्या काडीएवढी! एवढ्याशा वस्तूपायी मी आठ दिवस घरात मांजर आलं तरी ‘अगं पाय, पाय!’ ओरडत होतो.

“आता मुळाशी फिनॉल लावतो.”

“फिनेल? फरशीचं?”

“फिनॉल, काका. म्हणजे ही कड पुन्हा उगवणार नाही.”

नख अख्खं गेलं असतं तर किती दिवस लागले असते, हे मी निघताना विचारलं. हाताची नखं महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतात, पायाची त्याच्या निम्म्यानं. अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष. मला आमच्या पुण्याचे श्रीधर चिल्लाल आठवले. १९५२ पासून त्यांनी डाव्या हाताची नखं कापली नाहीत. २०१४ मध्ये मोजली तेव्हा पाची मिळून नऊ मीटरच्या वर भरली, आणि शेवटी २०१८ साली न्यूयॉर्कला जाऊन कापली. त्या माणसाला ‘कुठल्या वारी?’ असं कुणी विचारलं असेल का?

दिवाळीला सांगलीकडे गावी गेलो तो पायाला पट्टी बांधून, भावाची चप्पल फरफटवत. साखर कारखाने सुरू व्हायचे होते, म्हणून ओढ्याकाठी ऊसगाडीच्या बैलांना पत्र्या मारायचं काम चाललं होतं. डांबरी रस्त्यावर ओझं ओढून खूर झिजतात, त्यासाठी ही लोखंडी पत्री. एका पायाला खुराच्या दोन फाका, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या. दोरांनी पाय बांधून बैल आडवा पाडलेला, एक जण मान दाबून बसलेला. मला एकदम आपलेपणा वाटला.

नालबंदानं आधी खूर तासून घेतला. नखासारखेच पिवळट तुकडे पडत होते, आणि गावातली कुत्री ते पळवत होती. मग पत्री ठेवून खिळा. दोन हलके ठोके, नंतर एक जोराचा, आणि खिळ्याचं टोक खुराच्या बाहेरच्या अंगानं तिरकं वर आलं. ते त्यानं पकडीनं मोडलं. बैलानं कानसुद्धा हलवला नाही.

“सरळ आत जाऊन चालत न्हाई,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “मेल्या कडंतनंच फिरवायचा. जिवाळीला लागला की सीझनच गेला.” मग माझ्या पट्टीकडे बघून, “पाव्हणं, तुमचं काय झालं?”

मी सांगितलं. केराटिन, चंद्रकोर, फिनॉल, सगळं. बोलताना मलाच मी सर्जन वाटायला लागलो.

“बूट कितीचा घालता?”

“आठ नंबर. कॉलेजपासून.”

त्यानं ओल्या मातीत उठलेल्या माझ्या पावलाशेजारी हाताची वीत टेकवली, पुढे दोन बोटं ठेवली आणि मान हलवली. “नऊच्या खाली न्हाई.”

“अहो, पण दुकानात मी स्वतः आठ मागितला.”

“बैलाला इचारून पत्री मारत न्हाई आमी,” तो म्हणाला, आणि दुसरा पाय ओढून घेतला.

मला ते बूट आठवले. पुतण्याच्या साखरपुड्यासाठी घेतलेले, टोकदार, चकचकीत. ‘घालून घालून सैल होतील’ असं दुकानदार म्हणाला होता. सैल झालो तो मी.

घरी येऊन आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की नख शनिवारी कापल्यामुळे काही झालं नाही, दोष बुटाचा होता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. करंजीची कड दुमडता दुमडता म्हणाली, “बूट कुठल्या वारी घेतले होतेस?”

पुण्याला आल्यावर मी ते बिल शोधून काढलं, तारीख कॅलेंडरशी ताडून बघितली आणि बिल फाडून टाकलं.