सहा सेंटिमीटरचं भाडं

साडेचार हजारांना ठरलेली खोली मला पाच हजारांना पडली. वरचे पाचशे मी दर महिन्याला घरमालकांच्या नातवाच्या उंचीपायी मोजतोय.

अमळनेरहून सुरत, सुरतेला गाडी बदलून बडोदा. थीम पार्कात नोकरी, पगार चौदा हजार. त्यातून पीएफचे 12 टक्के आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के जातात. डिप्लोमा मेकॅनिकलचा, पद 'गेस्ट एक्स्पिरियन्स असोसिएट'. एवढं पुरे. आता घरमालकांकडे, म्हणजे काकांकडे येतो.

काकांचा वाडा दांडिया बाजारात. त्यांचे पूर्वज गायकवाडांबरोबर बडोद्यात आले, हे ते अशा थाटात सांगतात की सामान अजून उतरवायचंच राहिलंय. डिपॉझिटची पाकिटं मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"पार्कात नेमकं काय करतोस?"

"मोठ्या राइडच्या दाराशी उभा असतो. 120 सेंटिमीटरच्या खालच्या मुलांना आत सोडत नाही."

"म्हणजे पोरांना परत पाठवायचा पगार मिळतो तुला?"

"हो."

"रडत असतील."

"रडतात."

"आणि तू?"

"मी हसायचं. नियमच आहे तसा."

काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि आत हाक मारली. नातू आला. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली टेप आली. पोराला स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून उभं केलं आणि मी, धंद्याच्या सवयीनं, खरं ते बोललो. "114."

"पुन्हा मोज."

"114च आहे, काका."

"मान वर कर रे! पाठ ताठ! आता?"

काकूंनी मध्येच त्याचे केस उभे विंचरले. केस धरत नाहीत, असं मी म्हणालो. तिथं बिनसलं.

"आमच्या घराण्यात कुणी बुटकं नाही," काका म्हणाले. "सयाजीरावांनी 1906 साली अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. दारात काठी घेऊन उंची नव्हती मोजली कुणाची!"

आता यावर काय बोलणार? मूल बुटकं असलं की खांद्यावरचा बार नीट बसत नाही, आणि वरच्या वळणावर अंग सीटवरून उचललं जातं तेव्हा ते खालून निसटू शकतं, हे मी समजावून सांगितलं. काका म्हणाले, "घट्ट धरून बसेल की." मग ते डभोईवर घसरले. 1862 साली डभोई ते मियागाम अशी आगगाडी खंडेराव महाराजांच्या राज्यात सुरू झाली, आणि सुरुवातीला ती बैलांनी ओढली. "तेव्हा कुठे होते तुझे बार न् पट्टे?" मला त्या बैलांचा हेवा वाटला. गाडी ओढताना हसायचं, असं त्यांना तरी कुणी सांगितलं नसणार.

शेवटी काका म्हणाले, "बरं, खोली पाच हजार. लाइट वेगळं."

चिडचिड पाचशेंची आहेच. पण त्याहून जास्त होते ती सगळ्यांच्या एका वाक्यानं: "तुझी तर मजाच आहे!" आई फोनवर म्हणते, मित्र म्हणतात, रावपुऱ्यात सेव-उसळ वाढणारासुद्धा म्हणतो. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या फरशीवर उभं राहायचं, दुसऱ्यांची मजा सुरळीत चालतेय ना बघायचं, आणि पगारवाढ मागितली की साहेबसुद्धा म्हणतात, "अरे, लोक पैसे देऊन येतात इथे!" येतात ना. आणि त्यांचं एका दिवसाचं तिकीट माझ्या रोजापेक्षा महाग असतं. कारखान्यात लेथवर उभा असतो तर निदान 'लेथ फिरतंय, मजा आहे तुझी' असं कुणी म्हटलं नसतं.

परवा काकांनी राग सोडला आणि रविवारचे पाच पास मागितले. आम्हाला पास मिळत नाहीत म्हटलं, तर ते हसले; त्यांना तो माझा कंजूसपणा वाटला. तिकिटं काढून सगळे येणारच आहेत. काकू मंगळबाजारात जाऊन नातवाला जाड सोलचे बूट घेऊन आल्या. भरपूर जाड आहेत. दुपारभर पोरगं जिन्यावरून धाडधाड वर-खाली करत होतं.

आमच्याकडे बूट काढून मोजतात, हे मी अजून सांगितलेलं नाही.