क्यूजीआयएसने कुणाचंही शेत वाढत नाही

‘क्यूजीआयएस ताबडतोब काढून टाका’ असा एक मजकूर सध्या आमच्याकडच्या शेतकरी, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय. त्यातले दावे असे: नकाशे काढायचं आणि त्यावर क्षेत्र मोजायचं हे फुकटचं सॉफ्टवेअर हौशी पोरांनी केलंय, संशोधनाला चालत नाही, ते आपल्या जमिनीची माहिती परदेशात पाठवतं, शेताचं क्षेत्र जास्त दाखवतं, त्याचा नकाशा कोर्टात टिकत नाही, म्हणून दीड हजारात महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक (परवाना तोडलेली, चोरीची) कॉपी टाकून घ्या. परभणीला भूगोलात एम.ए. करणाऱ्या माझ्या भाचीला तो तिच्या वडिलांनीच पाठवला. पूर्णा खोऱ्यावरचा प्रबंध अर्ध्यावर आलेला, आणि पोरगी विचारते, “मामा, सगळे नकाशे पुन्हा करू का?” नाही. एकही करायचा नाही.

हौशी पोरांचं म्हणे! क्यूजीआयएस २००२ पासून घडतंय. त्याच्यातूनच चालवता येणाऱ्या ‘ग्रास’ या नकाशांच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरची सुरुवात १९८२ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत झाली. नकाशांच्या फाइली वाचणारं ‘जीडॅल’ १९९८ चं, तेही खुलं, म्हणजे कोड कुणालाही बघता येणारं, आणि पैसे मोजून घ्यायचं नकाशांचं सॉफ्टवेअर आर्कजीआयएससुद्धा ते वापरतं. पण एवढं लांब जायची गरजच नाही. पोकरा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: जागतिक बँकेच्या मदतीचा, मराठवाड्यातले आठही जिल्हे घेतलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. पाऊस, माती, उतार आणि पिकं यांवरून पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत त्यासाठी आयआयटी मुंबईने बसवली आणि तिचं प्लगइन, म्हणजे जोडून वापरायचा छोटा प्रोग्राम, क्यूजीआयएसवर केलं. गावोगावच्या पाण्याचा हिशोब ज्याच्यावर मांडला, ते एका प्रबंधाला चालणार नाही?

आता क्षेत्रफळ. माझा सगळ्यात जास्त राग या मुद्द्यावर आहे, कारण यात थोडं खरं आहे आणि तेवढ्यावरच भावाभावांत बांधावरून भांडणं लागू शकतात. क्षेत्र जास्त आलेलं मीही पाहिलंय. पण ते का येतं? ऑनलाइन नकाशे वेब मर्केटर नावाच्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका पद्धतीत असतात. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं त्यात सगळं फुगतं. परभणीच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के वाढतं. तसला नकाशा खाली ठेवून त्याच प्रोजेक्शनमध्ये शेत काढलं आणि जमीन सपाट धरून क्षेत्र मोजलं, तर पाच एकराचं पाच एकर चोवीस गुंठे दिसणारच. हे गणित सॉफ्टवेअरची किंमत बघून बदलत नाही, लाखाच्या सॉफ्टवेअरमध्येही उत्तर तेच येईल. उपाय साधा आहे: शेताचा थर (लेयर) यूटीएम ४३ उत्तर या प्रोजेक्शनमध्ये बदलून घ्या आणि मग मोजा. किनवटकडच्यांनी मात्र जपून, ७८ रेखांशाच्या पूर्वेला यूटीएमचा पुढचा पट्टा, झोन ४४, लागतो. क्यूजीआयएसमध्ये पृथ्वीची गोलाई धरून क्षेत्र काढायचीही सोय आहे. हे न शिकवता सॉफ्टवेअरला खोटं ठरवणाऱ्याने मोजणीबद्दल बोलूच नये.

कोर्टाचं म्हणाल तर ते मान्य करावं लागेल. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिच्या नकाशाची क प्रत लागते, घरी काढलेला नकाशा तिची जागा घेऊ शकत नाही. पण मग महागड्या सॉफ्टवेअरवर घरी काढलेलाही घेऊ शकत नाही. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

माहिती परदेशात जाते हा दावा तपासायला दोन मिनिटं लागतात. इंटरनेट बंद करा, क्यूजीआयएस उघडा, आपल्या फाइलींवर काम करा. सगळं चालतं. ऑनलाइन नकाशा खाली लावला तर तुम्ही कुठला भाग बघताय ते त्या सर्व्हरला कळतं, कारण चित्र तिथूनच येतं. तुमच्या फाइली कुठे जात नाहीत. शिवाय याचा कोड उघडा आहे, ज्याला शंका असेल त्याने वाचावा.

आणि माहिती चोरीची एवढी भीती दाखवून शेवटी सल्ला काय, तर क्रॅक कॉपी! कुणी काय बदल केलेत, आत काय घातलंय हे कळायला मार्ग नाही. ती टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात. त्याच लॅपटॉपवर पोरांचे प्रबंध असतात, घरच्यांचे सातबारा आणि बँकेचे कागद असतात. वर ते बेकायदेशीर, म्हणजे प्रबंधात सॉफ्टवेअरचं नाव लिहितानाही पोरांना भीती. ज्यांनी असे दीड हजार आधीच दिले असतील त्यांनी ती कॉपी काढा, पासवर्ड बदला आणि क्यूजीआयएस त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवून घ्या. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, त्यालाही पैसे लागत नाहीत.